पंचवीस वॅटचा पंच

तापायला त्याला तीन-चार मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात दुकानासमोर माणसं जमू लागतात. आयटीआयचा पोरगा सायकल भिंतीला टेकवून येतो. वरठीहून रोज येणं-जाणं करणारा एक जण पाठीवरची बॅग काढून पायाशी ठेवतो. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले काकाजी चष्मा पुसत स्टुलावर बसतात. आणि तो काउंटरच्या उजव्या कोपऱ्यात, पत्र्याच्या स्टँडवर आडवा पडून मुकाट्याने तापत असतो.

भंडाऱ्याच्या बाजारालगतच्या गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला हा सोल्डरिंग आयर्न. सगळे त्याला नुसतं ‘आयरन’ म्हणतात. बोटाएवढी जाड नळी, पुढे टोकदार बिट, मागे लाल मूठ. मुठीचा रंग अंगठ्याच्या जागी पार उडालाय. वायर दोन ठिकाणी काळ्या टेपने बांधलेली. नळीच्या आत अभ्रकाच्या वेष्टणावर निक्रोमची बारीक तार गुंडाळलेली असते, आणि तिच्या जोरावर पंचवीस वॅटचा हा जीव बिटाच्या टोकाशी साडेतीनशे अंशांच्या आसपास पोचतो. घरातला जुना पिवळा बल्ब याच्यापेक्षा जास्त वीज खायचा. पण बल्ब आपली ऊब खोलीभर वाटून टाकतो. हा ती सगळी एका टोकावर आणून धरतो.

तापला की तो आधी वासाने कळतो. डाखाच्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते. तार बिटाला टेकली की राळ वितळते, निळसर धुराची एक रेघ वर चढते आणि चिडाच्या लाकडाचा गोडसर, घशात बसणारा वास दुकानभर पसरतो. मला हा वास लहानपणापासून आवडतो. तेव्हा अशाच दुकानात रेडिओ उघडे पडलेले असत आणि आकाशवाणी नागपूर नीट लागतं का, हे ऐकायला चार जण कान देऊन उभे असत. पुढे टेप आले, मग टीव्ही, मग मोबाइल. टेबलावरच्या वस्तू बदलल्या, पण राळेचा वास तोच राहिला आणि त्या वासाभोवती उभं राहून बोलण्याची सवयही तशीच राहिली.

बोलणं म्हणजे अर्थात वाद.

“भाऊ, मीडियाटेक आता पहिल्यासारखा नाही रायला.”

“नाही रायला त तापत नाही का? अर्धा घंटा गेम खेळून पाय.”

“अबे, स्नॅपड्रॅगन 810 विसरला का तू? तापण्याच्या गोष्टी करून रायला!”

2015 सालच्या त्या चिपचं तापणं इथल्या पोट्ट्यांना कालच्यासारखं आठवतं. ज्यांनी तो फोन कधी हातात धरला नाही, त्यांनाही. काकाजींचं म्हणणं वेगळंच. त्यांच्या मते विंडोज एक्सपीनंतर नीट काही झालंच नाही. 2014 च्या एप्रिलमध्ये तिची देखभाल थांबली, तरी त्यांच्या घरचा संगणक पुढे कितीतरी वर्षं तिच्यावरच चालला. आयटीआयचा पोरगा त्यांना दर आठवड्याला लिनक्स टाकून देतो म्हणतो. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चीही नेहमीची देखभाल संपल्यापासून त्याचा आवाज चढलाय. काकाजी म्हणतात, “टाकशील बाप्पा, पण माझा प्रिंटर चालंल का सांग.” पोरगा गप्प होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या प्रिंटरचा मॉडेल नंबर शोधून, वाचून येतो. मला या गल्लीचं सगळ्यात मोठं देणं हेच वाटतं. वादात हरलेला पोरगा घरी जाऊन वाचतो. या गप्पांना कुणी वेळ वाया घालवणं म्हटलं, तर मी त्याच्याशी भांडायला तयार आहे.

आयरन या वादात पडत नाही, पण शेवटचा शब्द बहुतेक वेळा त्याचाच. फोन चार्ज होत नाही. एक म्हणतो चार्जिंगची आयसी गेली, दुसरा म्हणतो बॅटरी, तिसरा कंपनीलाच नावं ठेवतो. दुकानदार भाऊ ऐकत असतात. मल्टिमीटर लावतात, भिंगाखाली धरतात आणि चार्जिंगच्या खोबणीची एक बारीक टाचणी दाखवतात. तिच्याभोवतीचा डाख चकाकत नाही. मळकट, दाणेदार दिसतो, कडेला केसाएवढी फट. भाऊ टाचणीला थोडं फ्लक्स लावतात, बिट ओल्या स्पंजवर पुसतात, चर्र आवाज होतो, आणि टोक टेकवतात. एक, दोन. मळकट दाणा एकाएकी पाण्यासारखा होतो, टाचणीभोवती धावतो आणि आरशासारखा चमकून गोठतो. फोनवर बॅटरीचं चित्र उमटतं. तिघांचीही मतं तिथेच संपतात. “ड्राय सोल्डर होता,” भाऊ म्हणतात. “असन बा,” तिघांपैकी एक जण म्हणतो, आणि सगळे पुढच्या फोनकडे वळतात.

एकदा मी आयरन हातात घेतला होता. हेडफोनची तुटलेली तार जोडायची होती. मी डाख बिटावर वितळवून तारेवर टाकला. त्याचा गोळा झाला आणि टपकन टेबलावर पडला. भाऊंनी माझं मनगट धरून टोक तारेखाली नेलं. “डाखाले नको तापवू. तार तापव. तार तापली का डाख आपोआप येते तिच्याकडं.” तार तापेपर्यंत थांबलो. वरून डाख टेकवला, आणि तो खरंच तारेच्या पेडांत शिरला, तहानेल्या जमिनीत पाणी शिरावं तसा. तो जोड आजही टिकून आहे.

पावसाळ्यात दुकानाला वेगळाच रंग येतो. भंडारा धानाचा जिल्हा. रोवणी सुरू झाली की फोन बांधीत पडू लागतात. कमरेला खोचलेला, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलेला, वाकलं की घसरतो आणि चिखलात जातो. आणि धानाच्या जिल्ह्यात भिजलेल्या फोनवर पहिला उपाय काय होणार? तांदळाचा डबा. घराघरात फोन तांदळात पुरून ठेवतात.

गेल्या श्रावणात लाखांदूरकडचे एक शेतकरी तसाच फोन घेऊन आले. दोन दिवस तांदळात ठेवलेला, स्क्रीनच्या कडेला तांदळाची पांढरी भुकटी. त्यांच्या शेतातल्या मोटरच्या पेटीत सिमकार्ड घालायचा ऑटो स्विच होता. रात्रपाळीची वीज आली की घरूनच फोन करून मोटर लावायची. आता त्यासाठी मध्यरात्री टॉर्च घेऊन धुऱ्यावरून जावं लागत होतं.

“तांदरात काहून ठेवला जी?” वरठीवाला म्हणाला. “2024 मदी अॅपलवाल्यानंच सांगतलं, तांदरात ठेवू नका म्हणून. बारीक कण आत जाते.”

“त्यांचा फोन लाखाचा,” आयटीआयवाला म्हणाला. “माह्या मामाचा दोनदा भिजला, दोन्ही वेळी तांदरानंच जगला.”

“तांदरानं नाही जगला. दोन दिवस बंद ठेवला म्हणून जगला. पंख्याखाली ठेवला असता तरी जगला असता.”

“तांदूर पानी ओढते ना बे! मीठ ओलं होते म्हणून डब्बीत तांदूर टाकतेत नाही का लोक?”

“डब्बीतलं मीठ आन चिपीखालचं पानी सारखं असते का?”

मला हा वाद पाठ आहे आणि दर वर्षी तो मी आवडीने ऐकतो. दोघांचंही थोडं खरं असतं. कोरडा तांदूळ हवेतली ओल थोडीफार धरतो. पण फोनच्या आत चिपेखाली अडकलेलं पाणी तांदळाच्या हाकेला येत नाही. शिवाय पाणी सुकलं तरी त्यातले क्षार आणि चिखल तिथेच राहतो. फोन चालू असताना पाणी शिरलं, तर तांब्याच्या रेषांवर वीज आणि पाणी मिळून लगेच कामाला लागतात. तांदळाचा खरा दोष निराळा आहे. त्याच्यावर विसंबून माणूस दोन दिवस घालवतो, आणि त्या दोन दिवसांत आतलं नुकसान चालूच राहतं. फोन लगेच बंद करावा, काढता येत असेल तर बॅटरी काढावी, चार्जिंगला मुळीच लावू नये, आणि उघडून धुवायला आणावा.

भाऊंनी फोन उघडला आणि भिंगाखाली सरकवला. चार्जिंगच्या खोबणीपाशी, दोन टाचण्यांच्या मधे, हिरवट निळसर बुरा साचला होता.

शेजारी पितळी भांड्यांचं दुकान आहे. तिथले बाबाजी चहाच्या वेळेला येऊन उभे राहतात. भंडारा पितळेचं गाव म्हणून ओळखलं जातं. बाबाजींचं आयुष्य भांडी ठोकण्यात आणि विकण्यात गेलं. मोबाइलमधलं आपल्याला काही कळत नाही, असं ते नेहमी म्हणतात. त्या दिवशी त्यांनी भिंगात डोकावून पाहिलं आणि लगेच म्हणाले, “हा त कळक होय.”

पोट्टे त्यांच्याकडे बघत राहिले. बाबाजींनी समजावून सांगितलं. कल्हई उडालेल्या पितळेच्या गंजात ताक ठेवलं की भांड्याला जो हिरवा थर येतो, ताक कळकतं, ते हेच. म्हणून तर कल्हई करायची. भांडं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर निघतो, मळ सुटतो, मग कथलाची कांडी टेकवायची आणि बोळ्याने फिरवायचं. तांब्यापितळेवर कथलाचं पातळ कातडं बसतं.

भाऊंनी आयरन उचलून दाखवला. “बाबाजी, याच्या टोकालेबी आमी तेच करतो.” आणि खरंच, बिट काळा पडला, डाख धरेनासा झाला की त्याला साफ करायला नवसागराचीच वडी वापरायचे जुने कारागीर. जुना डाख म्हणजे तरी काय, कथील आणि शिसं. कथील 232 अंशांना वितळतं, शिसं 327 ला. शंभरात 63 कथील आणि 37 शिसं घेतलं की दोन्ही मिळून 183 लाच पाणी होतात. आयटीआयच्या पोराने हे पुस्तकात वाचलं होतं. कल्हईच्या भट्टीशी त्याचं नातं त्याला त्या दुपारी कळलं. भंडाऱ्याच्या जुन्या धंद्याचा आणि या नव्या धंद्याचा धातू एक, मळ एक, मळ काढायची रीतसुद्धा एक, हे मलाही इतकी वर्षं या दुकानात बसून सुचलं नव्हतं. बाबाजींना ते एका नजरेत दिसलं.

भाऊंनी बुरा आधी ब्रशने आणि स्पिरिटने धुतला. मग आयरनची पाळी आली. कुजलेला डाख त्याने उचलून घेतला, टाचण्या एकेक करून नव्याने बसवल्या. या कामात पाच-सहा मिनिटं गेली असतील, आणि त्या वेळात कुणी बोललं नाही. वाद घालणाऱ्या माणसांचा हा दुसरा गुण. हात चालत असताना ती गप्प राहतात.

आता आयरनची गोष्ट पहिल्यासारखी राहिलेली नाही, हे सांगताना मला वाईट वाटतं. 1 जुलै 2006 पासून युरोपने बहुतेक विद्युत वस्तूंतल्या डाखातून शिसं हद्दपार केलं, आणि जगभरचे कारखाने त्या वाटेने गेले. आरोग्यासाठी ते योग्यच झालं. पण नेहमीचा बिनशिशाचा डाख 217 अंशांच्या आसपास वितळतो, आणि पंचवीस वॅटच्या गरीब टोकाला फोनच्या तांब्याने भरलेल्या पाटीवर तेवढी धग टिकवताना धाप लागते. मग भाऊ जुन्या डाखाचा एक थेंब त्यात मिसळतात आणि जोड सैल करतात. चिपा तर आता पोटाखालच्या बारीक गोळ्यांवर बसतात. तिथे बिट शिरतच नाही, गरम हवेची मशीन लागते. तीही दुकानात आलीय, डिजिटल आकड्यांची.

त्याहून मोठं संकट डिंकाचं आहे. 2003 साली आलेला नोकियाचा 1100 जगात 25 कोटींहून जास्त विकला गेला. त्याची पाठ नखाने निघायची, बॅटरी हातात यायची, आणि त्याच्या टॉर्चच्या उजेडात कित्येकांनी रात्री धुरे ओलांडले. आजचा फोन चारही बाजूंनी चिकटवलेला असतो. मागे माझा एक फोन फक्त बॅटरी फुगली म्हणून एका सेवा केंद्रात नेला, तर नवीनच घ्या असं उत्तर मिळालं. भाऊंनी तो तापवून उघडला, बॅटरी बदलली, आणि तो अजून माझ्या खिशात आहे. आपल्या सरकारने 2022 च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केलं. युरोपात 2027 च्या फेब्रुवारीपासून ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी बॅटरी देणं बंधनकारक होतंय. या तारखा दुकानातल्या पोरांना सणांसारख्या पाठ आहेत. मला विचाराल तर मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू उघडून पाहण्याचा अधिकार लाखांदूरच्या शेतकऱ्याला असलाच पाहिजे, आणि ती उघडणारं माणूस त्याला एसटीच्या एका प्रवासात भेटलं पाहिजे.

त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला भाऊंनी फोनची पाठ बसवली आणि बटण दाबलं. कंपनीचं नाव उजळलं. शेतकऱ्यांनी फोन हातात घेऊन पहिलं काय केलं असेल, तर मोटरच्या पेटीचा नंबर लावला. कानाला धरून उभे राहिले. आम्ही सगळेही उभे. पलीकडून यंत्राचा आवाज आला, बारीक, कापरा, पण दुकानात सगळ्यांना ऐकू आला: मोटर चालू आहे.

“बंद करा जी आता,” काकाजी म्हणाले, “बांधी बुडंल.”

अंधार पडल्यावर भाऊ दुकान आवरतात. आयरन बंद करण्याआधी ते एक काम न चुकता करतात. बिट स्पंजवर पुसायचा आणि त्याच्यावर नव्या डाखाचा एक जाड थेंब चढवायचा. तो थेंब रात्रभर टोकाला हवेपासून झाकून ठेवतो, गंजू देत नाही. मग बटण बंद. बाहेर शटर अर्धं ओढलेलं असतं आणि पायरीवर दोघांचं अजून चाललेलं असतं, तांदूळ बासमती घेतला तर पाणी जास्त ओढेल की जाड धानाचा, यावर. आत स्टँडवर त्याच्या टोकावरचा थेंब हळूहळू घट्ट होत जातो.