माथ्याच्या पलीकडे

चि. निखिल,


घाटात तुला कोणी गाठत नाही, पण शर्यतीच्या अंतिम निकालात तू मागे पडतोस, असं लिहिलंस. सायकलपटू फेदेरिको बाहामोन्तेसचं दुखणं हेच होतं, म्हणून त्याची गोष्ट सांगतो.

हा स्पेनमधल्या तोलेदो प्रांताचा, जन्म 1928चा. यादवी युद्धानंतर देशात अन्नान्नदशा होती. तेव्हा हा पोरगा पोटासाठी काळ्या बाजारातला माल सायकलवरून पोचवायचा. 1954 साली तो पहिल्यांदा टूर द फ्रान्सला गेला आणि ‘डोंगरांचा राजा’ हा घाटचढाईच्या गुणांचा किताब घेऊनच परतला. त्याच टूरमध्ये रोमेयेरच्या घाटमाथ्यावर तो सगळ्यांच्या आधी पोचला, थांबला आणि चक्क आइस्क्रीम खात उभा राहिला! लोक म्हणाले, एकट्याने घाट उतरायला घाबरला. त्याचं म्हणणं, स्पोक तुटले होते, मेकॅनिकची वाट बघत होतो. खरं काहीही असो, उतारावर तो कच्चा होता. चढावर कमावलेला वेळ तिथे हातचा जायचा. माथे त्याचे, एकूण शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी दुसऱ्याची, असं काही वर्षं चाललं.

1959 साली तो फाउस्टो कोप्पीच्या हाताखाली आला. या इटालियन दिग्गजाने त्याला बजावलं की, नुसते डोंगरांचे गुण वेचत बसू नकोस, अख्ख्या टूरवर नजर ठेव. त्याने ते मनावर घेतलं. पुई द दोमच्या चढावरची टाइम ट्रायल जिंकली, पुढे पिवळी जर्सी मिळवली आणि पॅरिसपर्यंत टिकवली. फ्रेंच संघातल्या आपसातल्या हेव्यादाव्यांचा त्याला फायदा झाला, हे खरं. पण इतरांच्या भांडणाचा लाभ उठवायलाही आधी शर्यतीत असावं लागतं. टूर जिंकणारा तो पहिला स्पॅनिश सायकलपटू. डोंगरांचा किताबही त्या वर्षी त्याचाच होता, म्हणजे टूर मिळवण्यासाठी त्याने चढ सोडला नाही.

‘तोलेदोचा गरुड’ म्हणून गाजलेला हा माणूस 2023 साली, वयाच्या पंचाण्णव्या वर्षी गेला. डोंगरांचा किताब त्याने सहा वेळा मिळवला, टूर मात्र एकदाच. उतारावर त्याचा जम बसला असता, तर हा आकडा वाढला असता असं मला मनापासून वाटतं.

चढ तुला उपजत आहे, त्याची काळजी करू नकोस. आता सराव उताराचा आणि सपाटीचा कर.

तुझा,
काका