ऊब

महाराष्ट्रातून दिल्लीस आलेल्या मनुष्यास मोटारीतील हीटरचे महत्त्व एकदम उमगत नाही. पुण्यामुंबईकडे त्याची कळ वर्षानुवर्षे निळ्या टोकाशी पडून असते. दिल्लीत मात्र पौषातल्या पहाटे यमुनाकाठचे धुके दाटले, की बसणाऱ्यांच्या श्वासातले बाष्प थंड काचेवर जमते आणि समोरचा रस्ता पुसला जातो. अशा वेळी हीटरवाचून गाडी हाकणे म्हणजे डोळे बांधून चालणेच होय.

मयूर विहारातील एका निवृत्त मराठी गृहस्थांवर २०१८ च्या डिसेंबरात हा प्रसंग आला. पत्नीस आठवड्यातून दोनदा पहाटे डायलिसिससाठी न्यावे लागे. गाडीत गोडसर वास येऊ लागला, काचेच्या आतल्या अंगावर तेलकट साय धरू लागली, पायांखालची चटई ओलावली. इंजिनातले गरम पाणी ज्या वीतभर जाळीतून फिरते, ती हीटरची जाळी गळत होती. हीटरला स्वतःचा अग्नी नसतो. इंधनाच्या उष्णतेचा मोठा भाग इंजिन वायाच घालवते. त्यातला थोडासा वाटा ही जाळी माणसांकडे वळवते.

मिस्त्रीने सुचवलेला उपाय सोपा होता : दोन्ही नळ्या एकमेकींस जोडून जाळीच वगळावी. गळती थांबते, गाडी धावते; उष्णता तेवढी जाते. गाडीचे चौदावे वर्ष चालू होते. पंधरा वर्षांवरील गाड्यांना राजधानीत मज्जाव करणारा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा २०१४ चा आदेश नुकताच, ऑक्टोबरात, सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला होता. एका हिवाळ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, हा मिस्त्रीचा प्रश्न व्यवहारास धरूनच होता. गृहस्थांचा हिशेब निराळा होता : त्या एका हिवाळ्यात २५ पहाटा होत्या.

नवी जाळी काश्मिरी गेटच्या बाजारात मिळाली. १८५७ च्या सप्टेंबरात सुरुंग लावून फोडलेल्या त्या वेशीच्या परिसरात आज मोटारींचे सुटे अवयव विकले जातात. इंजिन पुरते निवल्यावर इमारतीच्या आवारात काम सुरू झाले. बॅटरीची तार सोडली. कूलंट घमेल्यात काढले आणि, गोड परंतु विषारी म्हणून, कुत्र्यांपासून दूर ठेवले. मग सारा डॅशबोर्ड उतरवावा लागला. वस्तू लहान, पण जागा गाडीच्या गाभ्यात. कोणते स्क्रू कोठले, हे वाट्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांनी लक्षात ठेवायचे.

पाने पुरवणाऱ्या पंजाबी शेजाऱ्यांना गृहस्थ म्हणाले, “बस, इनको ऊब मिलनी चाहिए.” शेजारी चमकले. हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा; मराठीत तोच शब्द गोधडीची, कुशीची, चुलीजवळची उष्णता सांगतो. खुलासा होताच शेजाऱ्यांनी हसून आपला शब्द पुढे केला : निघ. एका उच्चाराने दोन शेजारभाषांना असे दोन टोकांना नेऊन ठेवावे, हे कोशात वाचताना गमतीचे वाटते. परंतु चार-चार तास यंत्राला जोडून पडलेल्या, कुडकुडणाऱ्या रुग्णाला दोन्ही अर्थ ठाऊक असतात. एक तिथे भोगायचा, दुसरा वाटेत मिळवायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जोडणी पूर्ण झाली. निम्मे कूलंट, निम्मे शुद्ध पाणी भरले. कळ लाल टोकाशी ठेवून इंजिन बराच वेळ चालू ठेवले, तेव्हा आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून गेली.

पुढच्या खेपेच्या पहाटे काच तळापासून हळूहळू उजळत वर गेली. वर्षभरात गाडी भंगारात जायची होती, आणि आत बसलेल्या दोघांनाही ते ठाऊक होते.