बिळाच्या तोंडावरची ड्युटी

राजूरच्या घरांवर दोन रंगांची धूळ बसते, कोळशाची काळी आणि चुनाभट्ट्यांची पांढरी. वणी तालुक्यातलं हे गाव समुद्रापासून इतकं लांब की मालवणचा किनारा गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा कापावा लागतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. अशा गावात, कॉलरीतल्या एका घराच्या पुढच्या खोलीत, दोनशे लिटरच्या टाकीत बोटभर लांबीचा एक पिवळाधमक समुद्री मासा काही वर्षं सुखानं नांदला. जात गोबी, घरातलं नाव सरदार.

नाव ठेवलं आबाजींनी. ते स्वतः भूमिगत खाणीतून माइनिंग सरदार म्हणून निवृत्त झालेले. १९७३च्या राष्ट्रीयीकरणानंतरच्या भरतीतले. पाळी सुरू होण्याआधी खाली उतरायचं, काठीनं छत ठोकून आवाज ऐकायचा, दिव्यानं गॅस पाहायचा आणि सरदारानं ‘चला’ म्हटल्याशिवाय एकाही माणसाला पुढे जाऊ द्यायचं नाही, यात त्यांची नोकरी सरली. टाकीचं वेड मात्र त्यांचं नव्हे, नातवाचं. मुंबईला एका लग्नाला गेलेला हा पोरगा मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात शिरला आणि बाहेर आला तो खाऱ्या पाण्याचा हट्ट घेऊनच. १९५१ साली उघडलेल्या त्या मत्स्यालयानं अशी किती पोरं बिघडवली असतील, कोण जाणे.

खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे पहिल्यांदा नुसतं पाणीच. राजूरच्या नळाला येणारं पाणी जड, चुनखडीच्या दगडातून आलेलं. चहाच्या भांड्याला आठवड्यात पापुद्रा धरतो. ते चालत नाही. आधी आरओचं पाणी, मग त्यात लिटरमागे पस्तीसेक ग्रॅम या हिशेबानं समुद्री क्षार. म्हणजे एका टाकीला सात किलो मीठ. आजीनं घरातल्या मिठाची बरणी पुढे केली होती. खाण्याचं मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्रात त्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बरंच काही असतं, हे नातवानं समजावून सांगितलं. आजीला पटलं नाही. बादलीभर मिठाचे पैसे ऐकून तर मुळीच पटलं नाही.

त्यानंतर महिनाभर टाकीत पाणी, वाळू, दगड, दिवा आणि पंप. मासा नाही. दगडांत आणि वाळूत जिवाणू रुजावे लागतात; माशाच्या मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग त्यामानानं निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वसाहत उभी राहिल्याशिवाय मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीनं मरतो. शेजारपाजारचे येऊन पाहून जात. ‘पाणी पाळून राह्यला काय बे?’ हा प्रश्न पोरानं बराच सोसला.

जिवंत प्रवाळ टाकीत नव्हतं, आणि हे सांगायला हवं. दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. परदेशी चित्रफिती पाहून घरात रीफ मांडायला निघालेल्या पुष्कळ हौशी लोकांना याचा पत्ता नसतो, काही दुकानदारांना असून नसतो. नातवानं भट्टीत भाजलेले सच्छिद्र कृत्रिम दगड आणले. गावातलाच दगड का नको, हा आबाजींचा प्रश्न वाजवी होता. राजूरचा चुनखडक मुळात समुद्रातच साचलेला आहे, माशांचा या पृथ्वीवर मागमूसही नव्हता तेव्हाच्या समुद्रात. पण तो घट्ट पडतो. जिवाणूंना आत शिरायला छिद्रं हवीत. शेवटी तळाला तीन-चार चिपा राजूरच्या आणि वर विकतचे दगड, अशी तडजोड झाली.

ते रचताना आबाजी पहिल्यांदा टाकीत हात घालून उभे राहिले. पोरगा वाळू पसरून त्यावर दगड ठेवत होता.

“वाळूवर काहून ठेवतं? खालून कोणी खणलं तं?”

“कोण खणते आबाजी?”

“कोणीबी. पहिले पिलर काचेवर टेकव, मंग छत, मंग वाळू.”

जगभरचे अनुभवी मत्स्यपालक नेमकं हेच सांगतात, आणि खणणारं जनावर येणारच होतं.

नागपूरच्या दुकानात समुद्री मासे येतात ते बहुतेक चेन्नईकडून. तिथून एका पिशवीत पिवळा वॉचमन गोबी आला, शास्त्रीय नाव क्रिप्टोसेंट्रस सिंक्टस, आणि दुसऱ्या पिशवीत एक पिस्तूल कोळंबी. गोबीचं थोराड डोकं, ओठ जाड, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, गालांवर निळे ठिपके. तोंडावर कायमची नाराजी. पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवली, मग तासभर थेंब थेंब करून टाकीचं पाणी तिच्यात सोडलं. मोकळा होताच मासा तळाला गेला आणि दगडामागे दिसेनासा झाला. पैसे पाण्यात गेले, असं आजी म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं.

गोबी हा पोहून दाखवणारा मासा नव्हे. त्याचे पोटाकडचे दोन पर एकत्र जुळून वाटीसारखे झालेले असतात. त्यावर तो टेकून बसतो, काचेला चिकटतोसुद्धा. या कुळात दीड हजाराहून अधिक जाती आहेत. कोकणात चिखलावर उड्या मारणारी निवटी यांच्याच गोतावळ्यातली. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरचा एक चिमुकला गोबी जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो. इतकं तोकडं आयुष्य दुसऱ्या कुठल्याही कण्याच्या प्राण्याचं नोंदलेलं नाही. त्या मानानं वॉचमन गोबी दीर्घायुषी. नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं टिकतो.

नातवानं अर्ध्या इंचाच्या नळाचा तुकडा वाळूत तिरका खुपसून कोळंबी त्याच्या तोंडाशी सोडली होती. दोन दिवसांत नळाच्या आजूबाजूला वाळूचे ढीग दिसू लागले, आणि तिसऱ्या दिवशी बिळाच्या तोंडावर पिवळं थोबाड. काम कोळंबीचं. दोन्ही नांग्या पुढे जोडून ती वाळू ढकलत बाहेर आणते, ओतते, मागे फिरते, पुन्हा आणते. शिंपल्याचा तुकडा सापडला की तो उचलून बिळाच्या छताला लावते. तिला नीट दिसत नाही. म्हणून बाहेर येताना तिची एक लांब मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबी बाहेर तोंड करून बसलेला. काही खटकलं की शेपटी भराभरा थरथरवतो, कोळंबी जागच्या जागी थांबते किंवा मागे सरकते. धोका खरा असला तर तो सूर मारून बिळात, आणि ती त्याच्याआधी आत.

इलान कार्प्लस या इस्रायली संशोधकानं तांबड्या समुद्रातल्या अशा जोड्यांवर आयुष्यातली कित्येक वर्षं घालवली. जगात शंभराहून जास्त जातींचे गोबी कोळंब्यांबरोबर असा संसार करतात. बिळाचा मालक कोळंबी, राखण गोबीची. तो मातीचा एक कणही उचलत नाही.

आबाजींनी हे सगळं कुणी न सांगता खुर्चीत बसून ओळखलं. “हा सरदार आहे,” ते म्हणाले. “हा तोंडावर बसल्याशिवाय खालचा माणूस बाहेर येत नाही पाय.” तेव्हापासून मासा सरदार झाला, आणि पेपर वाचायची खुर्ची खिडकीकडून टाकीकडे वळली.

कोळंबीचं पिस्तूल मात्र घराला रात्री कळलं. ‘टक्क’ असा कडक आवाज आला आणि आजी काच तडकली म्हणून उठली. पोतेरं घेऊन टाकीभोवती फिरली, पाणी कुठेच नव्हतं. कोळंबीची एक नांगी मोठी असते. ती इतक्या वेगानं मिटते की पाण्याच्या झोतामागे बुडबुडा तयार होतो. आवाज नांगीचा नव्हे, तो बुडबुडा फुटल्याचा, हे २००० साली संशोधकांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी असंही दिसलं की फुटताना त्यात क्षणभर प्रकाश चमकतो आणि तापमान काही हजार अंशांवर जातं. आजूबाजूच्या खुल्या खाणींत दुपारी ब्लास्टिंग होतं तेव्हा राजूरच्या खिडक्यांची तावदानं खुळखुळतात. सरदार त्या वेळी तोंडावर दिसत नसे. माणसांना हादरा जाणवायच्या आत तो गेलेला असे. घरातल्या लोकांनी त्यावर घड्याळ लावलं नाही, पण आजी वाळत घातलेल्या मिरच्या झाकायला तो आत गेला की उठू लागली.

टाकीत शेजारी होते. पैदास केंद्रातून आलेली क्लाउनफिशची जोडी, शंखातले खेकडे, काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या दोन-चार गोगलगायी आणि एक निळा डॅमसेल, जो स्वस्त मिळाला म्हणून आणला आणि महाग पडला. डॅमसेल बोटाएवढा असला तरी सगळी टाकी आपली समजतो. गोबीला खायला टाकलेली आर्टेमिया तो वरच्या वर फस्त करी. सरदार तोंडाचा आ करून, गळ्याखालची कातडी फुगवून त्याला भिववी, पण बीळ सोडून पाठलाग कधी करत नसे. उपाय आबाजींनी काढला: सलाइनची नळी. तिच्यातून खाणं थेट बिळाच्या तोंडाशी सोडायचं. सरदार नळी दिसताच दोन बोटं पुढे येई. आर्टेमिया, बारीक चिरलेली कोळंबी, कधी लसूण चोळलेले दाणे. नातू पुढे शिकायला नागपूरला गेला तेव्हा टाकीचं काय करायचं, अशी चर्चासुद्धा झाली नाही.

उन्हाळा ही खरी परीक्षा होती. या माशांना पाणी पंचवीस ते सत्तावीस अंशांचं लागतं. चिलरची किंमत ऐकून तो विषय मिटला. पण विदर्भातल्या कोरड्या हवेत कूलर ज्या कारणानं चालतो त्याच कारणानं पाण्यावर वारा मारला की टाकीही थंड होते. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात हा उपाय निम्माही चालत नाही. राजूरला दोन छोट्या पंख्यांनी तीन-चार अंश खाली येत, उरलेलं काम खोलीतला कूलर करी. किंमत पाण्यानं मोजायची. मेमध्ये रोज अर्धी कळशी पाणी उडून जाई, आणि भर घालायची ती गोड्या पाण्याची, कारण मीठ उडत नाही, मागेच राहतं. आबाजींनी काचेवर तेलकट पेनानं रेघ मारून ठेवली होती. वीज गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप लागायचा. ड्युटी चोवीस तासांची होती आणि निवृत्त माणसाला ती मानवली.

गोबीच्या टाकीला जाळी लागतेच. हा मासा दिवसभर हलत नाही आणि एके रात्री फरशीवर सापडतो. त्याच्या अटलांटिकमधल्या एका भाऊबंदाची उडी शास्त्रात प्रसिद्ध आहे. लेस्टर अॅरनसन यांनी १९५१ साली मांडलं की किनाऱ्यावरच्या खडकाळ डबक्यांत राहणारा हा गोबी भरतीच्या वेळी खडकांवरून पोहताना खळगे लक्षात ठेवतो आणि ओहोटीला एका डबक्यातून न दिसणाऱ्या दुसऱ्या डबक्यात अचूक उडी घेतो. पुढच्या प्रयोगांत ही आठवण महिन्याहून जास्त टिकल्याचं दिसलं. सरदाराच्या डोक्यात असला नकाशा नव्हता. डॅमसेल अंगावर आला, खाणं टाकताना जाळी सरकलेली होती, आणि तो मागच्या फिल्टरच्या कप्प्यात जाऊन पडला. सकाळी बिळाच्या तोंडावर कोणी नाही म्हणून आबाजींनी सगळ्या घराला उठवलं. सोफा ओढला गेला, फरशी पाहून झाली. कप्प्यातल्या स्पंजावर तो वाटी टेकून बसला होता, नेहमीच्याच नाराज तोंडानं. त्या दिवशी डॅमसेल बादलीत बसून नागपूरला परत गेला. दुकानदारानं त्याचे पैसे दिले नाहीत. आबाजींनी मागितलेही नाहीत.

नातू सुटीत आला की नवं काही वाचून येई. गोबी राखणीखेरीज आणखी एक मोबदला देतो, असं २०१७च्या एका जपानी अभ्यासात आलं होतं: तो बिळात शी करतो आणि कोळंबी ती खाते, तिच्या आहाराचा तो मोठा भाग असतो. हे त्यानं जेवताना सांगितलं. आजीनं ताट सरकवलं आणि पुढचे काही दिवस टाकीपुढून जाताना ती कोळंबीकडे पाहत नसे.

शेवटच्या वर्षी सरदाराचा पिवळा रंग फिका झाला, पाठ बारीक दिसू लागली. नळी आली तरी तो दोन बोटं पुढे येत नसे, तोंडाशीच दोन घास घेई. मग एक दिवस तो तोंडावर आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बिळात मेलेला गोबी सापडत नाही. शंखातले खेकडे, वाळूतले किडे आणि बहुधा ती कोळंबीच, दोन दिवसांत काम उरकतात. नातवानं फोनवरून अमोनियाची चाचणी करायला सांगितली. चाचणीच्या नळीतल्या पाण्याला किंचित हिरवी छटा आली तेवढीच. आबाजींनी चौथाई पाणी बदललं.

कोळंबी होती, पण तिचे ढीग लहान होऊ लागले. बिळाचं एक तोंड बुजलं. बाहेर येई ती रात्री, मिशा पाण्यात फिरवत, आणि क्लाउनफिश जवळून गेला तरी आत पळे.

दिवाळीला नातू आला तो पिशवी घेऊनच. तीच जात, पण हा गोबी करडा, अंगावर गडद पट्टे. या जातीत दोन्ही रंगांचे मासे असतात. तासभर थेंब थेंब झालं, मासा सोडला, तो दगडामागे गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बुजलेल्या तोंडातून वाळू बाहेर पडली, आणि तिच्यामागून एक लांब मिशी करड्या शेपटीवर टेकली.

“हा तं मळका दिसते,” आजी म्हणाली. “नाव काय ठेवता याचं?”

“पहिले हजेरी तं लागू दे,” असं म्हणून आबाजींनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि पोराला जाळी घट्ट करायला सांगितली.