एका तारखेसाठी

आपण म्हणाल, तारखेत एवढे काय आहे? हप्ते थकले होते हे तर खरेच ना! मग ते २०१९ मध्ये थकले काय आणि २०२३ मध्ये थकले काय, चूक ती चूकच. आमच्या शेजारणीनेही मला हेच विचारले होते. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. आज ते आपणांपुढे मांडावेसे वाटते. कारण असा प्रसंग आपल्यापैकी कोणावरही येऊ शकतो.

इंदूरच्या आमच्या जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी २०१७ च्या प्रारंभी आम्ही बँकेकडून दीड लाख रुपयांचे कर्ज काढले. मी शाळेत शिक्षिका. पगार नियमित, म्हणून कर्ज माझ्या नावावर. मार्चपासून दर महिन्याच्या ५ तारखेला एक, असे छत्तीस हप्ते होते. दोन वर्षे एकही चुकला नाही. मग २०१९ च्या उन्हाळ्यात यजमानांनी अंथरूण धरले. औषधे आणि इस्पितळ ह्यांपुढे मे, जून आणि जुलै असे तीन हप्ते राहून गेले. ऑगस्टमध्ये भिशीचे पैसे हाती येताच मी सारी थकबाकी दंडव्याजासह भरली. २०२० च्या फेब्रुवारीत कर्ज फिटले आणि बँकेने बेबाकीचा दाखला दिला. यजमानांनी तो दाखला व पासबुक एका कापडी पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवले. "असू द्या, कागद काही जेवायला मागत नाही," असे ते म्हणाले. पुढे वर्षभरातच ते गेले. पिशवी मात्र तेथेच राहिली.

२०२४ च्या एप्रिलअखेर मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी कर्ज मागावयास आम्ही मायलेकी दुसऱ्या एका बँकेत गेलो. मी सहकर्जदार होते. अधिकारी सौजन्याने बोलले. परंतु माझा पतअहवाल पाहताच ते थबकले. "बाई, गेल्याच वर्षी आपले हप्ते थकलेले दिसतात. अशा स्थितीत प्रकरण पुढे पाठविणे कठीण आहे." मुलगी माझ्या तोंडाकडे पाहू लागली. तिच्यापासून मी काही लपविले असावे, असे क्षणभर तिला वाटले असेल काय? तो क्षण मी अजून विसरले नाही.

पतअहवालात प्रत्येक कर्जखात्याच्या छत्तीस महिन्यांपर्यंतच्या परतफेडीच्या चौकटी असतात. हप्ता वेळेवर भरला तर तेथे शून्य. न भरला तर किती दिवस उलटले तो आकडा. माझ्या खात्यावर २६, ५६ आणि ८७ असे आकडे होते. तिन्ही अचूक होते. ५ मेचा हप्ता राहिला, म्हणजे ३१ मेला २६ दिवस झालेच होते. पण वर्ष २०२३ असे होते, आणि खाते बंद झाल्याची तारीख रिकामी होती. जुनी खाती नव्या संगणकीय व्यवस्थेत नेताना हा घोळ झाला, असे पुढे समजले.

मी २ मे रोजी पतमाहिती कंपनीकडे तक्रार नोंदविली. विसाव्या दिवशी उत्तर आले : माहिती बरोबर असल्याचे बँकेने कळविले आहे. २००५ च्या पतमाहिती कंपनी कायद्यानुसार, कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुस्ती प्रमाणित केल्यावाचून कंपनीला नोंद बदलता येत नाही. म्हणून मी जुन्या शाखेत गेले. तेथे सांगण्यात आले की, माहिती वरून जाते, आमच्या हाती काही नाही.

ह्याच सुमारास एक मध्यस्थ भेटला. पाच हजार रुपये द्या, आपण कधी हप्ता चुकविलाच नाही असे लिहू, नोंदच पुसून टाकू, असे तो म्हणाला. खोटे कशाला सांगू, मला मोह झाला. शुल्काची मुदत जवळ येत होती. परंतु त्या रात्री पिशवी उघडली आणि पासबुकातील ते तीन कोरे महिने पाहिले. ते महिने खरे होते. त्या दिवसांत आम्ही काय सोसले ते मला ठाऊक होते. ते पुसण्याचा विचार मला करवेना.

३ जून रोजी मी कंपनीकडे आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे पुन्हा अर्ज केला. सोबत पासबुकाची पाने, ऑगस्ट २०१९ ची पावती आणि बेबाकीचा दाखला जोडला. लिहिले एवढेच : "हप्ते थकले होते हे मला मान्य आहे. ते केव्हा थकले आणि खाते केव्हा बंद झाले, एवढे दुरुस्त व्हावे." २१ जुलैला दुरुस्ती झाली. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानुसार तीस दिवसांपलीकडे विलंब झाल्यास तक्रारदारास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा आदेश एप्रिल २०२४ पासून लागू झाला होता. अठरा दिवसांचे १,८०० रुपये माझ्या खात्यात आले. मुलीचे कर्जही मंजूर झाले.

आता शेजारणीच्या प्रश्नाचे उत्तर. २०१९ मधली ती थकबाकी सांगते की, ह्या घरात दुखणे होते आणि सावरताच ह्यांनी पैसे भरले. तीच थकबाकी २०२३ मध्ये लिहिली की ती सांगते, नियमित पगार असूनही ही बाई बेफिकीर आहे. कर्ज देणाराही जुन्या चुकीपेक्षा ताजी चूक अधिक गंभीर मानतो. चूक माझी होती, ती मी पत्करली. परंतु तारीख बदलली की माणूसच बदलतो. म्हणून अर्धे खरे मला पुरेसे नव्हते.

आपल्याला माझे एवढेच सांगणे आहे. देशात अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि २०१७ पासून प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवा. केवळ गुणांक पाहून समाधान मानू नका. प्रत्येक तारीख आपल्या पासबुकाशी ताडून पाहा. बँक व कंपनी दाद देत नसतील, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडेही जाता येते. आणि कर्ज फिटले म्हणून कागद रद्दीत घालू नका.

आमच्या कपाटात ती कापडी पिशवी अजून आहे. परवा मुलीने तिच्या कर्जाचा पहिला कागद आपण होऊन तिच्यात ठेवला.