टवका

दसऱ्याला दारात आलेल्या पिकअपची पुढची काच आषाढात तडकली.

थोरला पुतण्या चाकणच्या कारखान्यातली कंत्राटी नोकरी सोडून गावी परत आला, तेव्हा ही गाडी घेतली. आईनं मोहनमाळ पतसंस्थेत ठेवून सुरुवातीची रक्कम उभी केली. उरलेल्या कर्जाचा महिन्याला 17,500 रुपये हप्ता. ओतूरच्या आसपासचे टोमॅटो नारायणगावच्या बाजारात पोचवायचे आणि रात्री माळशेज उतरून वाशीला भाजीची खेप करायची, असा पोराचा हिशोब. दादांना तो पटला नव्हता. ‘‘लोखंड पोसायला पैका लागतो,’’ एवढंच म्हणाले आणि जामीनदार म्हणून सही करून मोकळे झाले.

एका सकाळी मला काचेवर नवं स्टिकर दिसलं, देवाच्या नावाचं. आमच्याकडं देवाचं नाव काचेच्या वरच्या पट्टीवर लिहितात. हे मात्र खाली, डावीकडं, वायपरच्या वाटेत. नखानं कोपरा उचलून बघितला, तर खाली हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका. त्याच्यातून निघालेला तडा वीतभर वाढून स्टिकरच्या बाहेर आला होता.

पुतण्या मागं येऊन उभा राहिला.

‘‘नाना, दादांना सांगू नका. कल्याण रस्त्याला पुढच्या डंपरनं खडी उडवली. चार दिस झालं.’’

‘‘आणि चार दिस झाकून ठेवलंस?’’

‘‘म्हणलं, हंगाम सरला की बघू.’’

मी सांगणार नव्हतोच. सांगायचं तर त्यानंच सांगायला हवं होतं. पण आधी त्याला गाडीसकट आळेफाट्यावर काचेच्या मिस्त्रीकडं घेऊन गेलो. नऊ महिन्यांच्या गाडीची काच अशी कशी जाते, हा माझा पहिला प्रश्न. मिस्त्री हसला. म्हणाला, ‘‘गुरुजी, खडा काय गाडीचं वय बघून लागतोय व्हय?’’

मग त्यानं समजावून सांगितलं. पुढची काच एक नसते, दोन असतात. मधे प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा असतो. म्हणून ती तडकली तरी तुकडे तोंडावर येत नाहीत, पापुद्र्याला धरून राहतात. दारांच्या काचा वेगळ्या. त्या फुटल्या की खडीसाखरेसारखा चुरा होतो. टवका रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान असला, काठापासून लांब असला आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसला, तर त्यात पातळ रेझिन भरून दिव्याखाली सुकवतात. डाग थोडा राहतो, पण तडा सहसा पुढं सरकत नाही. मात्र टवका कोरडा आणि स्वच्छ पाहिजे. आमच्या टवक्यात चार दिवस पाऊस आणि धूळ गेलेली. त्यात खड्ड्यांत गाडीचं अंग पिळवटतं, दुपारच्या उन्हात काच तापते आणि वरून कोणी गार पाणी मारतं. तड्याच्या टोकाला तेवढं पुरतं.

‘‘पहिल्या दिवशी आला असता तर भरून दिला असता,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘आता बदलावी लागंल. 6,800 रुपये.’’

रात्री जेवताना पुतण्यानं सांगितलं. आई आधी बोलली, ‘‘फुटका आरसासुदीक घरात ठेवत न्हाईत. आणि नव्या गाडीला ही दृष्ट!’’ दादांनी हातातला घास ताटात ठेवला.

‘‘राती समोरून लाइट आला की कसं दिसतं?’’

‘‘फाकतं. एकाचं चार दिसत्यात.’’

‘‘आणि त्या धुक्यात असाच माळशेज उतरलास?’’

पोरगा खाली बघत राहिला. आता आवाज चढणार, असं मला वाटलं. दादा मात्र भलतंच सांगायला लागले.

‘‘बानं बेल्ह्याच्या बाजारातनं खोंड आणला होता. पहिल्याच महिन्यात त्याचं शिंग मोडलं. राखायला मीच होतो. भ्यानं दिवसभर ओढ्यात लपून बसलो. सांजंला बानं शोधून काढलं, तवर जखमेत माश्या बसल्या होत्या. बानं मला मारलं ते शिंगासाठी न्हाय. माश्यांसाठी मारलं.’’

त्याच घरात वाढलो, पण ही गोष्ट मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकली. तो बैल मला आठवतो. एका शिंगाचा, हळद-तेलाच्या वासाचा. शिंग कसं गेलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सकाळी विम्याचे कागद घेऊन बसलो. कंपनीची वॉरंटी दगडाच्या माराला लागत नाही. विमा मात्र लागतो. प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत घसारा म्हणून कापतात, काचेला तशी कपात नसते. थोडी रक्कम पदरची जाते. शिवाय एकदा दावा केला की पुढच्या वर्षीच्या हप्त्यातली 20 टक्के सूट बुडते. आमच्या गाडीच्या नुकसानीपुरता हप्ता साधारण 14,000, म्हणजे सूट 2,800. पदरची रक्कम धरूनही दावा करणंच परवडत होतं. अट एकच, पाहणी होईपर्यंत काचेला हात लावायचा नाही.

त्यात दोन दिवस गेले आणि नेमका टोमॅटोचा तोडा आलेला. दादांनी कोणाला न विचारता शेजारच्याची गाडी भाड्यानं लावली. सत्तर क्रेट, क्रेटला वीस किलो. भाडं स्वतःच्या खिशातून दिलं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनं कडेनं तार फिरवून जुनी काच सोडवली, चौकट साफ केली, काळ्या चिकट पेस्टची जाड रेघ ओढली आणि दोघांनी मिळून नवी काच बसवली. ‘‘सांजपातुर हलवायची न्हाय. दारं आपटू नका, आतली हवा दाबली की काच सरकती,’’ म्हणाला. पुतण्या दिवसभर गाडीपाशी बसून होता. दुपारी दादा त्याचा डबा घेऊन गेले आणि तेही तिथंच थांबले.

दिवाळीनंतरची गोष्ट. रात्री अकराला ओसरीवर दादांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

‘‘दादा, टवका बसलाय. मसुरीएवढा. माल उतरला की सकाळी कल्याणात थांबतो, भरूनच येतो.’’

‘‘थांब. घाई करू नको.’’

फोन उशाला ठेवून दादा म्हणाले, ‘‘काच हाय, टवके बसायचेच.’’ आणि कूस बदलून झोपी गेले.