कालीघाटच्या गल्लीत बिडाचा तवा

कोलकात्याला गेलात की हावडा पूल, व्हिक्टोरिया मेमोरियल आणि मिठाईची दुकाने यांत दोन दिवस कसे जातात ते कळत नाही. मला मात्र या खेपेस कालीघाटच्या देवळाजवळ भांड्यांच्या दुकानात जावे लागले, तेही पिशवीत गंजलेला तवा घेऊन.

तवा मावशीचा. लग्न होऊन ती रत्नागिरीहून इथे आली तेव्हा आजीने दिलेला, खास घावनांसाठी, बिडाचा. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात मराठी मंडळी भेटली की अजून तिच्या घावनांची आठवण काढतात. काका गेले आणि तिने तवा धुऊन, ओला तसाच माळ्यावर टाकला. इथली हवा दमट. चार पावसाळ्यांनी काढला तर तांबड्या मातीचे ढेकूळ! सूनबाई म्हणाली, "आई, नॉनस्टिक आहे ना घरात? हा भंगारात द्या." मावशी काही बोलली नाही, पण तवा पुन्हा वर ठेवलाही नाही.

देवीच्या दर्शनाच्या वाटेवर लोखंडी कढया, उलथनी आणि बोंट्या, म्हणजे बंगाली विळ्या, मांडलेल्या असतात. म्हाताऱ्या दुकानदाराने आधी तवा उंच धरून चमच्याने वाजवला. खणखणीत आवाज आला. तडा असता तर बद्द वाजला असता, मग खटपट करण्यात अर्थ नव्हता. नवा तवा विकायची संधी सोडून त्याने जुना कसा वाचवायचा ते सांगितले. (हुगळीपलीकडे हावड्यात बीड ओतण्याचा धंदा जुना आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची कित्येक मॅनहोलची झाकणे तिथलीच.)

दुसऱ्या दिवशी आम्ही कंबर कसली. जाडे मीठ आणि तारेच्या घासणीने सुटेल तेवढा गंज काढला. उरलेल्यासाठी निम्मे व्हिनेगर, निम्मे पाणी, त्यात तवा अर्धा तास. त्याहून जास्त नको, कारण गंज संपला की आंबट पाणी लोखंडच खाऊ लागते. मग धुऊन, पुसून लगेच मंद गॅसवर ठेवला. फोन घ्यायला मी दोन मिनिटे गेले तेवढ्यात कडेला पुन्हा तांबूस छटा आली होती!

आता तेल. इथे घरोघरी मोहरीचेच. मावशीने सढळ हाताने चोपडले आणि तिथेच फसलो. तवा चिकट झाला, सगळे पुन्हा घासावे लागले. तेल लावून कोरड्या फडक्याने असे पुसायचे, की लावलेच नव्हते. मग खिडक्या उघडून, धूर थांबेपर्यंत तापवायचे. तापलेल्या तेलाचा पातळ, कडक थर लोखंडावर बसतो आणि तोच गंजाला अडवतो. निवू द्यायचे आणि पुन्हा तेच. तापलेल्या बिडावर गार पाणी मात्र कधीही ओतू नका, तडकते. चौथ्या खेपेला तवा काळाभोर झाला.

पहिले घावन फाटले. दुसरे मधोमध चिकटले. सूनबाई दारात उभी राहून बघत होती. तिसऱ्याच्या कडा आपोआप सुटल्या आणि मावशीने ते तिच्याच ताटात वाढले.

मी निघाले तेव्हा तवा गॅसजवळच्या खिळ्यावर होता. धुतल्यावर तो आचेवर सुकवून तेलाचे बोट फिरवायचे काम सूनबाईने स्वतःकडे घेतले आहे.