तिसऱ्या छिद्रामागची तार

नववीच्या वर्गात ‘धाराविद्युत’ शिकवत होते. ओहमचा नियम फळ्यावर लिहून झाला, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, आमच्या फ्रिजला हात लावला की करंट लागतो. चप्पल घातली की नाही लागत. असं का?” घरच्यांनी त्यावर उपाय म्हणून फ्रिजसमोर रबरी पायपुसणं टाकलं होतं.

आम्ही तिथेच गणित मांडलं. घरातलं विभवांतर 230 व्होल्ट. कोरड्या त्वचेचा रोध एक लाख ओहम धरला, तर अंगातून 2.3 मिलिअँपिअर धारा जाते. हाताला मुंग्या येतात. चपलेचं रबर या रोधात भर घालतं, म्हणून तेवढंही जाणवत नाही. पण हात-पाय ओले असले की शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. मग धारा होते 230 मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडवायला त्याच्या निम्मीही पुरते. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहिली आणि वर्गातली कुजबुज थांबली.

मधल्या सुट्टीत मी तिच्या आईला फोन करून फ्रिज लगेच बंद करायला सांगितलं. संध्याकाळी ओळखीच्या वायरमनला घेऊन त्यांच्याकडे गेले. त्याने टेस्ट लॅम्प आधी फेज आणि न्यूट्रलला लावला. दिवा लखलखीत पेटला. मग फेज आणि अर्थिंगला लावला. दिवा पेटलाच नाही. मेन स्विच बंद करून त्याने बोर्ड उघडला. लाल आणि काळी तार आपापल्या जागी होती. वरच्या मोठ्या छिद्रामागचा स्क्रू मात्र कोरा करकरीत होता. त्याला तार कधी जोडलीच नव्हती!

फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरजवळ फेजच्या तारेचं आवरण विरलं होतं आणि वीज पत्र्यात उतरत होती. अर्थिंग नीट असतं, तर ती कमी रोधाच्या वाटेने जमिनीत गेली असती आणि फ्यूज उडून किंवा एमसीबी पडून दोष त्याच दिवशी कळला असता. ते नसल्यामुळे फ्रिजला हात लावणारं माणूसच ती वाट होत होतं. वायरमनने नवी अर्थिंगची तार ओढली, फ्रिज दुरुस्तीला पाठवला आणि मेनजवळ आरसीसीबी बसवायला सांगितला. फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परतलेली धारा यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो क्षणार्धात वीज तोडतो.

तेव्हापासून हा धडा मी तीन पिनांच्या प्लगपासून सुरू करते. अर्थिंगची पिन लांब का, हे मुलं प्लग हातात घेऊन स्वतः शोधतात: ती सॉकेटमध्ये सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते. घरचा बोर्ड मात्र कुणीही उघडायचा नाही, तपासणी वायरमनकडूनच करून घ्यायची, हे मी दरवेळी बजावते.

घरात कोणी “थोडासाच करंट लागतो” असं म्हणालं, तर ते उपकरण त्याच दिवशी बंद करा. तो थोडासा आहे तो केवळ पाय कोरडे आहेत म्हणून. पावसाळ्यात फरशी ओली झाली, की तोच जीव घेऊ शकतो.